अन्वयचा पट्टा, मॅडमचा ताप

पर्णिका पालवने घरामागच्या माडाखाली शेळीच्या पोटाला पट्टा बांधलेला पाहिला, आणि क्षणभर तिला वाटलं, शाळेतून सायकल हाणत आल्यामुळे आपल्यालाच ऊन लागलंय.

शेळीचं नाव मॅडम. भूगोलाच्या बाई वर्गात शिरताना मान तिरकी करून जशा सगळ्यांकडे बघायच्या, अगदी तश्शीच ती बघायची, म्हणून हे नाव. तर ह्या मॅडम मांडी ठोकल्यासारख्या बसून रवंथ करत होत्या. पोटावरचा निळा पट्टा घुमत होता आणि त्यातून एक लाडीक बाई सांगत होती, "शाब्बास, माझ्या छोट्या वाघा! आता थोडंच राहिलं हं!"

पट्टा अर्थातच मॅडमचा नव्हता. तो पर्णिकाच्या धाकट्या भावाचा, अन्वयचा होता, आणि ज्या पोटावर तो ह्या वेळी असायला हवा होता ते पोट समोरच्या आंब्याच्या खालच्या फांदीवर बसून मीठ लावलेली कैरी खात होतं.

"मेल्या, खाली उतर," पर्णिका म्हणाली.

अन्वयने आधी कैरी संपवली, बोटं चाटली, मग सरळ उडी मारली. ती उडी पुढे भलतीच महागात पडली, पण त्या घटकेला दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही. पर्णिकाला रागापेक्षा हसूच जास्त येत होतं आणि ते दाबता दाबता तिची पुरेवाट झाली होती.

तेव्हा सिंधुदुर्गातल्या कलमांच्या बागांवर ड्रोन फवारणी करत फिरत होते, एसटी विजेवर धावत होती (आणि तरीही उशिराच येत होती), आणि कांदळवाडीसारख्या लहानशा वाडीतल्या एका पोराच्या पोटात नादबीज होतं.

अन्वयला जन्मापासून हिमोफिलिया. शाळेत कुणी म्हणजे काय ते विचारलं की पर्णिका चिऱ्यांच्या ट्रकवरून समजावायची. घर बांधताना ट्रकमधून चिरे उतरवायचे तर माणसं रांगेत उभी राहतात. पहिला दुसऱ्याच्या हातात देतो, दुसरा तिसऱ्याच्या, आणि शेवटचा भिंतीपाशी ठेवतो. रक्त गोठतं तेव्हा रक्तातली प्रथिनं अशीच रांगेत कामाला लागतात. अन्वयच्या रांगेतला आठवा गडी गैरहजर. चिरे सातव्याच्या हातात अडकून राहतात आणि भिंत काही उभी राहत नाही. लोकांना वाटतं, अशा मुलाला जरा खरचटलं की रक्ताच्या धारा लागतात. तसं नसतं. खरी भीती आत वाहणाऱ्या रक्ताची. गुडघ्यात, घोट्यात, कोपरात ते गुपचूप साचतं, सांधा फुगतो, आणि असं पुन्हा पुन्हा झालं की सांधा आतून झिजून जातो. मग पाय सरळ व्हायचं नाव घेत नाही.

पूर्वी त्या आठव्या गड्याला सुईने शिरेत सोडावं लागायचं, आठवड्यातून कितीदा तरी. अन्वयच्या शिरा मुळात बारीक. लहानपणी त्याला धरायला दोन माणसं आणि टोचायला एक, अशी वरात असायची. म्हणून नादबीज आलं तेव्हा आईने गणपतीला नारळ आणि डॉक्टरांना काजूचा डबा दिला.

नादबीज म्हणजे काजूगराएवढी मऊ डबी. समुद्रातल्या शेवाळापासून काढलेल्या जेलीची. ती डाव्या बरगडीखाली कातडीच्या आत ठेवायची. आत जिवंत पेशी असतात. त्या आठवा घटक तयार करतात आणि कोठारात भरून ठेवतात. ह्या पेशींना अशी दारं दिलेली असतात, की ती एका ठरावीक थरथरीनेच उघडतात. बोलण्याच्या आवाजाच्या कितीतरी खालचा, कानापेक्षा पोटालाच जास्त कळणारा घुमारा. तोही लांबून चालत नाही, अंगाला टेकून यावा लागतो. रोज थोडा वेळ तो घुमारा दिला की दारं उघडतात, कोठार रक्तात रिकामं होतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पुन्हा भरतं. जास्त घुमवलं म्हणून जास्त मिळत नाही, कारण कोठारात असेल तेवढंच बाहेर येणार. डबीत बॅटरी नाही, तार नाही. सगळी हुशारी पट्ट्यात. पट्टा घुमतो, आपण जिवंत अंगावर आहोत ना हे ऊब आणि नाडी बघून तपासतो, आणि तसं तालुक्याच्या रक्तकेंद्राला कळवतो.

पट्टा बनवणाऱ्यांनी सगळा विचार केला होता. पोराने उशीला बांधला तर? उशी गार असते. भोपळ्याला बांधला तर? भोपळ्याला नाडी नसते. शेळी मात्र त्यांच्या डोक्यात आली नव्हती. शेळीची नाडी माणसाच्या पोरासारखीच चालते. फक्त तिचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं. म्हणून कितीतरी आठवडे केंद्राकडून आईला निरोप येत होता, की अन्वयला पट्ट्याच्या वेळेला नेमका ताप असतो. आई थर्मामीटर लावायची तर ताप नाही. तरीही ती बिचारी रोज गवती चहा आणि आल्याचा काढा उकळायची आणि अन्वय तो नाक दाबून, एक अक्षर न बोलता प्यायचा.

"ह्या काढ्याचा तरी पाप लागात तुका," पर्णिका म्हणाली.

अन्वयने उद्यापासून पट्टा स्वतःला लावायचं कबूल केलं. बदल्यात पर्णिकाने आईला सांगायचं नाही. पर्णिकाने मान डोलावली, आणि त्या संध्याकाळपासून ती त्याच्यामागे हवालदारासारखी लागली. दात घासताना, जेवताना, तो न्हाणीघरातून बाहेर पडता पडता तिचा एकच प्रश्न तयार. "पट्टो लावलंस?"

आठवडा उलटायच्या आत अन्वयचा गुडघा पपनसासारखा सुजला.

केंद्रातल्या डॉक्टर नेरूरकर अन्वयला तो तान्हा असल्यापासून ओळखत होत्या. त्यांनी आधी सुई देऊन रक्त थांबवलं, पायाला बर्फ आणि आराम दिला, आणि मग पडद्यावर गेल्या काही आठवड्यांची नोंद उघडून बराच वेळ बघत बसल्या. नोंदीत एकही दिवस चुकलेला नव्हता. सुईच्या आधी काढलेल्या रक्तात मात्र आठवा घटक औषधालाही नव्हता.

त्यांनी आईला शांतपणे सांगितलं की पट्टा रोज लागूनही काही निघत नसेल, तर आतल्या पेशी मेल्या असणार. नादबीज काढावं लागेल. पुन्हा सुया सुरू कराव्या लागतील. दुसरं नादबीज बसवता येणार नाही, कारण एकदा काढलं की शरीर त्या जातीच्या डबीला ओळखून बसतं आणि दुसरी आत टिकूच देत नाही.

आईने पदराने चष्मा पुसला. काही पुसायला नव्हतं तरी पुसला. बिछान्यावरून अन्वयने पर्णिकाकडे बघितलं आणि अगदी किंचित, डॉक्टरांना दिसणार नाही इतपत, मान हलवली. नको.

पर्णिकाला त्याची लहानपणची वरात आठवली. दोन माणसं धरायला आणि एक टोचायला.

"डॉक्टर, ताप अन्वयला नव्हता," ती म्हणाली. "शेळीला होता."

मग सगळं सांगावं लागलं. नेरूरकर बाईंनी तोंडावर हात धरला, खिडकीकडे वळल्या, त्यांचे खांदे थोडा वेळ हलत राहिले. पुन्हा वळल्या तेव्हा मात्र त्यांचा चेहरा गंभीर होता. त्या म्हणाल्या, की ही बातमी निम्मी चांगली आहे. पेशी मेलेल्या नसतील. पण इतके आठवडे ज्यांची दारं उघडली नाहीत, त्या पेशी आपलं काम विसरत जातात आणि एका टप्प्यानंतर कायमच्या झोपतात; गेले काही दिवस अन्वयने स्वतः पट्टा लावूनही काही निघालं नाही, ते त्यामुळेच. अन्वयच्या जाग्या आहेत की नाहीत, हे आज सांगता येणार नाही. गुडघा उतरला की एक महिना रोज नीट घुमारा द्यायचा. महिन्याने रक्तात आठवा गडी दिसला तर नादबीज राहील. नाही दिसला तर काढायचं.

घरी येताना एसटीत आई खिडकीपाशी बसली, अन्वय मधे आणि पर्णिका कडेला. कुडाळपासून कांदळवाडीपर्यंत अन्वय तिच्याशी एक शब्द बोलला नाही. उतरतानाही तिचा हात झिडकारून ड्रायव्हरकाकांचा धरला.

पुढे घराचं पोलीस ठाणं झालं. बाबा मालवाहू बोटीवर, पार आफ्रिकेच्या बाजूला, तिथून ते पडद्यावर येऊन हजेरी घ्यायचे. आई अंगणवाडीतून धापा टाकत यायची आणि पट्टा लावून अन्वयच्या उशाशी बसायची. सुहासकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, गावच्या भजनी मंडळाचे बुवा, तेसुद्धा जाता येता पडवीतून हाक मारायचे, "झिला, पट्टो?" अन्वय छताकडे बघत पडून राहायचा. पट्ट्यातली बाई त्याला छोटा वाघ म्हणायची. पहिले काही दिवस असे गेले. मग एक दिवस तो पट्ट्याच्या वेळेला सापडेचना. दुसऱ्या दिवशी सापडला, पण त्याने पट्टा काढून विहिरीच्या काठावर ठेवला आणि सांगितलं, की आता तो आत टाकायचा की नाही हे तो विचार करून ठरवणार आहे.

बारा वर्षांच्या पोराला धरून ठेवायला आता दोन माणसं पुरत नाहीत. आईने डॉक्टरांना फोन लावला. नेरूरकर बाई म्हणाल्या, की बांधून ठेवून ह्या महिन्याचं काम होईलही कदाचित, पण अठरा वर्षांचा झाल्यावर त्याला कोण बांधणार आहे?

पर्णिका विहिरीवर गेली. पट्टा काठावरच होता. अन्वय दुखऱ्या पायाची तंगडी लांब करून बसला होता. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली आणि सवयीने तोंड उघडलं.

"विचारू नको," तो म्हणाला. केंद्रातून आल्यापासूनचं हे त्याचं तिच्याशी पहिलं वाक्य.

"काय विचारू नको?"

"ताच. पट्टो सोडून तू माका शेवटचा काय विचारलंस, ता सांग बघू."

पर्णिका हसली. म्हणाली, कालच तर... आणि थांबली. काल पट्टाच होता. परवा गुडघा होता. त्याच्या आधी? शाळेच्या सहलीबद्दल विचारलं होतं, पण तेही पट्टा बरोबर नेणार का, असंच. ती मागे मागे जात राहिली आणि तिला काही सापडेना. अन्वय विहिरीत बघत सांगत होता. विज्ञानाच्या प्रयोगाला त्याला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा तो धावत घरी आला होता, आणि तो तोंड उघडायच्या आत आईने विचारलं होतं, "पट्टो लावलंस?" मग त्याने सांगितलंच नाही. बक्षिसाचं पेन अजून दप्तरातच आहे. वाडीतली पोरं त्याला छोटा वाघ म्हणतात, कारण एकदा मैदानात पट्टा बोलला होता. पडून राहायचा त्याला कंटाळा नाही, त्याला चीड येते. आजारी माणसं पडून राहतात. तो आजारी नाही, त्याचा एक गडी गैरहजर आहे एवढंच.

आता रडलं तर पुन्हा सगळं आपल्याचभोवती फिरेल, एवढं पर्णिकाला कळत होतं.

"मगे आता विचारतंय," ती म्हणाली. "तुका काय व्हया?"

अन्वयला हा प्रश्न इतका अनपेक्षित होता, की तो खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "तुझो पखवाज."

सुहासकाकांच्या भजनात पर्णिका गेल्या वर्षापासून पखवाज वाजवत होती. मंडळातली पहिली मुलगी. तिच्या हाताची थाप ऐकून भजनाच्या सामन्यात समोरच्या पार्टीचे बुवा माईक बाजूला करून बघायचे, वाजवतंय कोण. तो पखवाज ती कुणाला हात लावू देत नसे आणि अन्वयला तर मुळीच नाही, कारण त्याची बोटं सुजतील. आता तिने डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, गुडघ्यासाठी जी सुई दिली आहे तिचा असर अजून आहे, हळू हातांनी वाजवू दे, मनगट दुखलं की थांबायचं. अन्वयने हे ऐकताना पहिल्यांदाच डॉक्टरांच्या सूचना लक्ष देऊन ऐकल्या.

ज्याने पखवाज जवळून पाहिला नाही त्याला सांगायला हवं. त्याची उजवी पुडी, म्हणजे चामड्याचं तोंड, लहान, तिच्यावर काळी शाई असते आणि ती टणटणीत बोलते. डावी मोठी, आणि तिच्यावर दर वेळी वाजवण्याआधी ओली कणीक थापायची. कणकेच्या ओझ्याने पुडी जड होते आणि आवाज खाली उतरतो. कणीक जास्त, तर आवाज आणखी खाली. कणीक न लावता डावी वाजवली तर ती रिकाम्या डब्यासारखी वाजते.

पर्णिकाने कणीक मळली, थापली, अन्वयला मांडी घालून बसवलं, दुखऱ्या गुडघ्याखाली उशी दिली आणि पखवाज त्याच्या मांडीवर आडवा ठेवला, लाकडी खोड पोटाला टेकवून. त्याने डावा पंजा उघडा टाकला. घुमारा पडवीभर पसरला. अन्वय एकदम दचकला, मग पुन्हा एकदा वाजवलं, आणि पर्णिकाकडे बघत राहिला.

"पोटात पट्ट्यासारख्या होता," तो म्हणाला.

पर्णिका जागची उडाली. तिने विहिरीवरून पट्टा आणला, त्याची बडबड आणि घुमणं दोन्ही बंद केलं आणि तो पखवाज आणि पोट ह्यांच्यामध्ये सरकवला. पट्ट्याला कान होतेच. आपण दिलेली थरथर पोटापर्यंत पोचते का, हे तो तपासायचा. त्याच्या पडद्यावर आकडा उमटला. हवा होता त्याच्या बराच वर. तिने कणीक वाढवली. आकडा उतरला. आणखी पाणी, आणखी कणीक. आकडा आणखी उतरला. तिसऱ्या खेपेला तो नेमक्या जागी येऊन बसला, आणि त्या दोघांनी असा कल्ला केला, की मॅडम दाव्याला हिसका देऊन उभ्या राहिल्या.

तेव्हापासून महिना संपेपर्यंत पखवाज चालला. डॉक्टरांनी अट घातली होती, पट्टा मध्ये ठेवायचा म्हणजे नोंद होईल, आणि ज्या दिवशी हात दुखेल त्या दिवशी नुसता पट्टा. वेळ कुठली ते अन्वय ठरवणार. आणि विचारायचं कुणी नाही. ही शेवटची अट पर्णिकाची होती आणि ती पाळणं सगळ्यात अवघड होतं. आई ताट वाढताना "पट्टो..." म्हणायची आणि पुढचा शब्द गिळून "आमटी घालू?" असं विचारायची. अन्वयला त्या महिन्यात फार आमटी खावी लागली. एकदा लागोपाठ दोन दिवस पडवीतून पखवाजाचा आवाज आला नाही. पर्णिका अभ्यासाच्या पुस्तकात डोकं खुपसून बसली. ओठ इतका घट्ट दाबला की दातांची खूण उठली. आत नादबीजात एकेक पेशी झोपत चाललीय, असं तिला दिसत होतं. विचारलं तर वाजवेल. पण मग ते तिचं वाजवणं होईल, त्याचं नाही. तिने पुढचं पान उलटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी परातीत काहीतरी आपटल्याचा आवाज आला. अन्वय स्वतः कणीक मळत होता आणि कंबरेपर्यंत पांढरा झाला होता.

महिना भरला त्या दिवशी तिघं पखवाज घेऊन केंद्रात गेली. वाट लांबची, म्हणून पर्णिकाने शहाणपणा केला. घरूनच कणीक थापून, आवाज जुळवून घेतला. अशा पेशींचं आदल्या दिवशीचं थोडंसं रात्रीतच संपतं, म्हणून केंद्रात अन्वयचं रक्त आधी काढलं, मग त्याने वाजवलं. छान वाजवलं. थोड्या वेळाने पुन्हा रक्त काढलं. डॉक्टरांनी निकाल पाहिला, आईच्या शेजारी येऊन बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. सांगायची गरजच उरली नाही. काहीही वाढलं नव्हतं.

अन्वय रडला नाही. त्याने पखवाजाची दोरी नीट केली आणि विचारलं, काढायचं ते भूल देऊन काढणार ना.

पर्णिकाला काही ऐकू येत नव्हतं. तिच्या कानात अन्वयची थाप अजून वाजत होती आणि त्या थापेत काहीतरी खुपत होतं. तिने पुढे होऊन डावी पुडी बोटाने दाबली. कणीक कडक. कडेने तडे गेलेले. एसटीतला वारा आणि ह्या खोलीतला एसी, दोघांनी मिळून ती पापडासारखी वाळवली होती. वाळलेली कणीक हलकी होते. आवाज वर चढला होता, आणि वर चढलेल्या आवाजाला आतलं दार उघडत नाही. आणि पट्टा? पट्टा तिने गडबडीत पिशवीतच ठेवला होता. भजनाला कणीक कायम ओली आणि जागेवर थापायची, हे मंडळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तीच, मंडळाची पखवाजी, घरून वाळवून घेऊन आली होती.

"डॉक्टर, एकदाच परत," ती म्हणाली. "कोठार उघडलंच नाहीये. पीठ कुठे मिळेल?"

नेरूरकर बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्या स्वतः तिला घेऊन कॅन्टीनला गेल्या. तिथे पुऱ्यांसाठी भिजवलेला गोळा होता, पण त्यात तेल आणि मीठ. तेलाची कणीक पुडीला धरत नाही. पर्णिकाने कोरडं पीठ मागितलं. कॅन्टीनवाल्याने, किती पुऱ्या करायच्यात, असं विचारलं. ती म्हणाली, एकच, पण मोठी.

ह्या वेळी पट्टा मध्ये होता आणि एसी बंद होता. पर्णिका आकड्याकडे बघत कणीक थापत गेली, आणि आकडा जागेवर बसल्यावर मागे सरकून भिंतीला टेकली. अन्वय वाजवू लागला. पहिल्या काही थापा चुकल्या, मग लय सापडली, मग तो सगळं विसरला. दारात नर्स येऊन उभ्या राहिल्या. बाहेर थांबलेलं एक लहानगं, हाताला सुईची पट्टी चिकटवलेलं, आपल्या आईच्या कडेवरून वाकून आत बघत होतं.

दुसरा निकाल यायला फारसा वेळ लागला नाही, पण आईने तेवढ्यात चष्मा इतक्या वेळा पुसला की डॉक्टर म्हणाल्या, काच झिजेल. मग त्यांनी पडदा आईकडे वळवला. रेष वर गेली होती. फार नाही. एखादं पोर भिंतीला धरून पहिल्यांदा उभं राहतं, तितकीच. पण उभी होती.

"जाग्या आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "आता त्यांना झोपू द्यायचं नाही, हे तुझ्या हातात आहे, अन्वय."

अन्वयने विचारलं, की त्या बाहेरच्या लहानग्याला एकदा वाजवून बघायचं असेल, तर बघू देऊ का.

पुढच्या वर्षी देवळाच्या वर्धापनदिनाला कांदळवाडीत डबलबारी होती. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात, एकाने गायचं, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं, मध्ये मध्ये एकमेकांना यथेच्छ टोमणे मारायचे. भर दुपारी चारला मांडव खचाखच भरला. दहावीचा पर्णिकाचा सगळा वर्ग पुढच्या सतरंजीवर येऊन बसला होता, कारण आपल्या वर्गातली मुलगी पखवाजावर आहे ही काही लहान गोष्ट नव्हती. तिने त्या दिवशी असा हात चालवला की समोरच्या बुवांनी टोमणे विसरून मान डोलावली. शेवटचा गजर मात्र तिने अन्वयला दिला. आता त्याची उंची तिच्या कानापर्यंत आली होती, आणि तो मांडवात चालत आला तेव्हा कुठला गुडघा सुजायचा हे नवख्याला ओळखता आलं नसतं. तो बसला, त्याने आपली कणीक आपण थापली आणि गजर वाजवला. लोकांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला.

मग अन्वयने सुहासकाकांच्या हातातला माईक मागून घेतला. म्हणाला, मला हे सगळं माझ्या बहिणीने शिकवलं, शाळेत ती पर्णिका असली तरी आमच्या घरी तिला म्हणतात... आणि त्याने ते नाव सांगितलं. घरातलं. ती पाळण्यात असताना आजोळी पडलेलं, जे कुणालाही कळू नये म्हणून तिने गेली दहा वर्षं शर्थ केली होती. ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. एवढंच सांगता येईल की ते एका भाजीचं नाव होतं. पुढच्या सतरंजीवर तिचा सगळा वर्ग एकमेकांच्या अंगावर पडून हसू लागला.

अन्वय माईक टाकून मांडवामागे पळाला. पर्णिका मागोमाग. सरबताच्या पिंपापाशी तिने त्याला गाठलं, डाव्या हाताने सदरा पकडला आणि उजव्याने पाठीत असा सणसणीत धपाटा घातला, की पिंपावरचे पेले वाजले.

आणि ती जागच्या जागी थिजली.

तिने त्याला कधीच मारलं नव्हतं. एकदाही नाही. चिमटा नाही, टपली नाही, उशी फेकून नाही. वाडीतल्या बाकी बहिणी आपापल्या भावांना सकाळ-संध्याकाळ बडवायच्या आणि ती हात मागे बांधून बघत राहायची. तिचा पंजा अजून हवेतच होता. पिंपापलीकडे आई सरबताचा ट्रे धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

अन्वयने खांदे फिरवून बघितले. पाठीमागे हात नेऊन चाचपलं. मग तो वळला, आणि त्याच्या तोंडावर पर्णिकाने कधी न पाहिलेलं, अगदी सरळ, द्वाड, साध्यासुध्या भावाचं हसू पसरलं.

"इतक्याच?" तो म्हणाला, आणि तिला श्वास घ्यायला सवड न देता त्याने तिच्या दंडावर एक हाणली.

ती किंचाळली. तो पळाला, ती त्याच्यामागे, दोघं एकमेकांना ओढत, ढकलत, शिव्या घालत मांडवाला दोन वेढे घालून पुन्हा पिंपाशी आली आणि आईच्या ट्रेवर आदळली. सरबत सगळं आईच्या नव्या साडीवर.

"थांबा रे मेल्यांनो," आई ओरडली, ट्रे खाली ठेवून पदर खोचत. "दोघांका पण देतंय आता एकेक."